मिनेसोटात हॉकीचं याड, टेक्सासात पत्ताच नाही, असं काहून?

प्रश्न : भाऊ, माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथले शिकाले गेला. थंडीत त्याचा व्हिडिओ आला, बर्फावरची हॉकी, मॅच कॉलेजचीच पण पब्लिक असं बोंबलते जशी वर्ल्डकपची फायनल हाय. अन् त्याचा रूममेट टेक्सासचा, त्यानं आधी कधी मॅच पाह्यलीच नव्हती म्हणे. एकाच देशात असं काहून? (एक वाचक, ता. साकोली)

उत्तर : भाऊ, तुम्ही साकोलीचे म्हणून आधी मीच विचारतो. दिवाळी झाली की तुमच्याकडं मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, रातभर नाटक, वडश्याच्या नाटक कंपन्यांच्या तारखा भेटत नाही. आता बुलढाण्याच्या माणसाले झाडीपट्टीचं, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं नाटक विचारा, तो तुमच्या तोंडाकडं पाहत राहील. त्याची काय चूक? धान तुमच्याकडं, धान निघाल्यावर हातात येणारा पैसा अन् रिकाम्या बांध्या तुमच्याकडं, तं नाटकही तिकडंच रुजलं.

हॉकीले तसा बर्फ लागला. मिनेसोटात तळी गोठतात, अन् तळं लांब असलं तं लोकं परसात चारी बाजूनं फळ्या लावून पाइपनं पाणी सोडतात, आपण रोवण्यासाठी बांधीत पाणी धरतो ना अगदी तस्संच, फक्त सकाळी चिखलाऐवजी बर्फ. पोट्टे त्याच्यावरच मोठे होतात. तिथं हायस्कूलची राज्य स्पर्धा १९४५ पासून चालू हाय, म्हणजे कॉलेजात येईपर्यंत पाहणारा तयारच असते. कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटात साडेतीनशेच्या वर कॉलेजं, पण त्या गटात खेळणाऱ्या पोरांच्या हॉकी टीम साठेकच, त्यातल्या ६ एकट्या मिनेसोटात. बाकीच्या बहुतेक मिशिगन, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशा थंड पट्ट्यात. टेक्सासात त्या गटातली एकही नाही!

बोस्टनचं तं इचारूच नका. बोस्टन कॉलेज अन् बोस्टन युनिव्हर्सिटी एकाच रस्त्यावर, मधात काही मैल, अन् दोघांचं हाडवैर. त्यात हार्वर्ड अन् नॉर्थईस्टर्न मिळवून चौघांची बीनपॉट म्हणून स्पर्धा होते, १९५२ पासून, आता फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी. शेजारच्या गावाले हरवण्यात जी मजा हाय ते शंकरपटात बैल पळवणाऱ्याले सांगा लागत नाही.

तुम्ही म्हणाल आता तं मशीननं कुठंही बर्फ जमते. जमते ना, पण मशीनचा खर्च, दोन-तीन हजार किलोमीटरवर मॅच खेळाले जा, अन् गावात पाहणारा कोणी नाही. दक्षिणेत अलाबामाच्या हंट्सव्हिलमधली टीम २०२१ मध्ये बंद पडली. उलट ॲरिझोना स्टेटनं भर वाळवंटात २०१५ पासून टीम उभी केली, पण दात्यांनी आधी कोट्यवधी डॉलर दिले तेव्हा. माझं मत विचाराल तं पैशानं टीम होते, बोंबलणारं पब्लिक मात्र दोन पिढ्या घेते.

अन् अमेरिकाच कशाले, आपल्या देशातही आइस हॉकी म्हटलं की लडाखच. भाच्याले म्हणा, त्या रूममेटले एकडाव मॅचले घेऊन जाय, स्वेटर घालून, आत लय गारठा असते.