रात्री दोनला उठून केलेली प्रार्थना

*मावशी, सलाम. मी ३६ वर्षांची. माहेर अहिल्यानगरचं, आता पिंपरीत असते. आजोबा चर्चचे पाळक होते, त्यामुळे घरात सगळं शिस्तीचं. आजही माझी एक वही आहे. बायबलमधलं वचन वाचलं, प्रार्थना केली, उपवास केला, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला दिला, की त्यात खूण करते. जूनमध्ये मुलाच्या फीमुळे दशांश राहिला आणि जुलैत त्याला डेंगी झाला. मंडळीतले एक काका म्हणाले, "देवाचा हिस्सा ठेवला की देव वसूल करतो." तेव्हापासून मी रात्री दोनला उठते. झोपतानाच्या प्रार्थनेत लक्ष नव्हतं असं वाटतं, म्हणून पुन्हा करते. कधी तीनदा. नवरा हसतो. म्हणतो, "आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत." पण त्याने माझ्या भावाकडून ऐंशी हजार घेतलेत, दोन वर्षं झाली. विचारलं की म्हणतो, कृपेत हिशेब नसतो. आमच्यात चुकतंय कोण?*

बाई गं, सलाम.

आधी मुलाचं. डेंगी डासामुळे होतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? त्याने दोघांचीही नावं खोडली. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आहे. तुझ्या त्या काकांनीही तो कितीदा तरी ऐकला असेल. आजारी लेकराच्या आईला वसुलीची भाषा ऐकवणाऱ्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता तुझी वही. आमच्या घरी रविवारी सुईला हात लावायचा नाही, असा नियम होता. एकदा उपासनेला निघताना भावाच्या शर्टाचं बटण तुटलं. आईने क्षणभर विचार केला आणि तिथे सेफ्टी पिन लावली. सुई चालत नव्हती, पिन चालली. प्रवचनभर ती पिन भावाच्या छातीला टोचत होती. आम्ही अजून हसतो त्यावर, पण नियमावर जगणं म्हणजे काय ते मला त्या पिनेनं जितकं कळलं तितकं एकाही प्रवचनानं नाही. माणूस देवाकडे बघायचं सोडून काय चालतं आणि काय नाही, एवढंच बघत राहतो.

बायबलमधलं गलतीकरांस पत्र काढ, प्रेषित पौलाने लिहिलेलं. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग. तिथे यहुदी नसलेली माणसं ख्रिस्ताकडे आली होती. मागून काही शिक्षक आले आणि म्हणाले, विश्वास ठीक आहे, पण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे सुंता करा, तरच तुम्ही पुरे. पौल इतका चिडला की नेहमी मंडळ्यांना लिहिताना करतो तशी उपकारस्तुतीसुद्धा त्याने केली नाही. त्याचा सवाल एवढाच, की ज्याची सुरुवात आत्म्याने झाली ते तुम्ही आता स्वतःच्या बळावर पुरं करणार का? तुझ्या वहीला तो प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो.

पण पौल नियमशास्त्राला वाईट म्हणत नाही. तो त्याला बालरक्षक म्हणतो. त्या काळी श्रीमंत घरात मुलाला शाळेत नेणारा, आणणारा, वेळेला दम देणारा एक दास असे. मुलगा मोठा झाला की त्या दासाचं काम संपलं. मुलगा मात्र आता शाळेचा रस्ता विसरत नाही. तुझे आजोबा त्या हात धरणाऱ्यांपैकी. त्यांचे उपकार मान. पण छत्तिसाव्या वर्षी अजून तो हात शोधत रात्री दोनला उठायचं?

चौथ्या अध्यायात तो पुढे म्हणतो, तू आता दास नाहीस, पुत्र आहेस. पगारी माणसाला हजेरी लावावी लागते. घरच्या लेकीची हजेरी कोण घेतं? ती एक दिवस बोलली नाही तर आई विचारते, "काय गं, बरं नाही का?"

पंडिता रमाबाईंचंही असंच झालं होतं. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तू स्वतःला का कोसतेस?

एक मात्र मोकळेपणानं सांगते. तीन तीनदा तीच प्रार्थना, झोपेतून उठून, नाही केली तर काहीतरी वाईट घडेल ही भीती, हे सगळं भक्तीच्या खात्यात टाकू नकोस. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा, आणि बाहेर पडल्यावर आणखी एखादं आठवलं की पुन्हा आत. त्याचे वरिष्ठ वैतागले होते. आज अशा त्रासावर उपचार आहेत. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेट. पाळकसाहेबांशीही बोल, पण डॉक्टरऐवजी नको.

आता जावईबापू. त्यांचं वाक्य पौलाचंच आहे, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं. फक्त त्यांनी ते अर्धं वाचलंय. लगेच पुढे पौल विचारतो, मग कृपेखाली आहोत म्हणून पाप करावं काय? आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो, प्रीतीशिवाय कोणाच्याही ऋणात राहू नका. आणि बायबलमधला तो जकातदार जक्कय आठव. येशू त्याच्या घरी उतरला, तोवर त्याने एक पैसाही परत केला नव्हता. कृपा आधी आली. पण ती आली तशी त्या जकातदाराची थैली सुटली. अन्यायाने घेतलेलं चौपट देतो म्हणाला! तुझ्या भावाला चौपट नको आहे, त्याचे ऐंशी हजारच हवेत.

त्यांना हे वचन म्हणून ऐकवू नकोस, भांडण होईल. महिन्याला चार हजार दादाला पाठवू या का, एवढंच विचार. पावणेदोन वर्षांत फिटतं. नाही म्हणाले तर विषय कृपेचा नव्हताच, पैशाचा होता, हे तुला कळेल, आणि मग भावाला सोबत घेऊन सरळ पैशाचंच बोलायचं.

आत्म्याच्या फळाचा उतारा गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता... यातल्या कशापुढेच तुझ्या वहीत खूण करता येणार नाही. सहनशीलता झाली का, हे तुझा मुलगा सांगेल, आणि तोही विचारल्यावर नाही, असंच कधीतरी बोलता बोलता.

दशांश जमेल तेव्हा आनंदानं दे. वही महिनाभर कपाटात ठेवून बघ. रात्री दोनला जाग आलीच, तर पाणी पी, लेकराचं पांघरूण नीट कर आणि झोप.

तुझी,
मावशी