आबांच्या तेराव्याला मला हसू आलं

‘घरातलं माणूस जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच मला हसू येतं, माझ्यात काही बिघडलंय का?’ हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडं समुपदेशनाला येतात, पण सरळ विचारत कुणीच नाही. आधी झोप लागत नाही म्हणतात, पित्त वाढलंय म्हणतात, ऑफिसात लक्ष लागत नाही म्हणतात. सातारा जिल्ह्यातली ही सव्वीस वर्षांची मुलगीही तशीच आली होती. (तिच्या परवानगीनं लिहिलंय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तिचे आबा एक्याण्णवाव्या वर्षी गेले. जन्मभर एसटीत कंडक्टर. घरच्या लग्नात पंगत बसली की ‘पुढं सरका, आत मोकळं आहे’ म्हणत फिरायचे. रिटायर झाल्यावर तिकिटाचा चिमटा त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला होता. नातवंडांचं प्रगतिपुस्तक आलं की तो बाहेर काढायचा, कोपऱ्याला एक भोक पाडायचं आणि ‘पास झालास, बस जागेवर’ म्हणायचं. गणितात नापास झालेल्यालाही भोक मिळायचंच. बाईंची बोलणी मात्र पोरांना खावी लागायची.

तेराव्याची जेवणं आटोपल्यावर आतेभावानं आबांची नक्कल केली. डॉक्टर छातीला नळी लावून ‘मोठा श्वास घ्या’ म्हणाले की आबा म्हणायचे, ‘घेतो, पण फुल तिकीट का हाफ?’ भाऊ हुबेहूब त्यांच्या आवाजात बोलला आणि ही खो खो हसत सुटली. मधल्या दारात आत्या उभी होती. ‘माझ्या बापाची चिता अजून थंड झाली नाही आणि तुम्हाला दात काढायला सुचतंय?’

त्या दिवसापासून घरात आबांचं नाव बंद.

गंमत अशी, की भेटायला येणारा जो तो ‘सोनं झालं हो त्यांचं, एक्याण्णव वर्षं काय थोडी झाली?’ म्हणून जात होता. म्हणजे रडावं तर वय आडवं येतं, हसावं तर आत्या. पिकलं पान गळालं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तू फार दुःख करायचं कारण नाही. मला विचाराल तर हे वाक्य पहिला महिनाभर तरी कुणी म्हणू नये.

तिनं मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. ‘मॅडम, दुःखाच्या पाच पायऱ्या असतात ना, मी कुठल्या पायरीवर आहे?’ त्या पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, त्याही स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांनी त्या क्रमानं चढायलाच हव्यात असा काही नियम नाही. हसण्याबद्दल सांगायचं तर जॉर्ज बोनॅनो आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा अभ्यास आहे. जोडीदार जाऊन सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी त्याच्याबद्दल बोलायला सांगितलं. बोलताना ज्यांना मनापासून हसू फुटलं, त्यांचा त्रास पुढच्या काळात कमी आढळला. हे ऐकून ती जरा सैल बसली. पण नुसत्या माहितीनं घरात बंद झालेलं नाव कसं उघडणार?

म्हणून आबांची सगळ्यात लाडकी गोष्ट सांगायला लावली. ती कोयनेच्या भूकंपाची निघाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आबा पाटणकडच्या एका गावात मुक्कामी गाडीत झोपले होते. गाडी हलली. त्यांना वाटलं ड्रायव्हरनं गाडी काढली, म्हणून झोपेतच दोरी ओढून त्यांनी डबल बेल दिली. घरात ही गोष्ट प्रत्येक दिवाळीला व्हायची. ‘मग पुढं काय झालं?’ मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. आबांची गोष्ट डबल बेललाच संपायची. ‘आजीला विचारून ये,’ म्हटलं.

आजीसमोर विषय काढायला ती घाबरत होती, आजी कोसळेल म्हणून. बहुतेक घरांत हेच होतं. म्हाताऱ्या माणसाला आठवण होऊ नये म्हणून सगळे गप्प बसतात, जणू आपण बोललो नाही तर साठ-पासष्ट वर्षांच्या सोबत्याची तिला आठवण होणारच नाही!

आजी म्हणाली, ‘पुढचं ह्यांनी सांगितलं नसंल तुला.’ उजाडल्यावर त्याच गाडीच्या बाकड्यांवर जखमींना आडवं घालून दवाखान्यात पोचवलं होतं. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आबा चार दिवसांनी घरी आले. आजीनं पाणी तापवून दिलं, तर अंगावर एक तांब्याही न घेता न्हाणीत बसून राहिले, पाणी गार होईपर्यंत. ‘डबल बेल तेवढी सगळ्यांना सांगितली, बाकीचं गिळलं.’ आजी रडली, आणि मग डबल बेलवर हसलीही.

आपल्याला आपला आजोबा पाठ आहे असं वाटत असतं. एक्याण्णवातली पासष्ट वर्षं या मुलीच्या जन्माआधीची होती. तिच्या वाट्याला आलेला विनोदी म्हातारा खोटा नव्हता, पण शेवटच्या काही स्टॉपांवरचा होता. आजीकडं तिशीतला आहे. आणि आत्याकडं? तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. रात्रीतून दोन-तीनदा कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, बेडपॅन. भूकंपाची गोष्ट चालली होती तेव्हा आत्या भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, ‘शेवटी शेवटी मी त्यांना एकदा फार टाकून बोलले गं. तेव्हाही ते हसलेच.’ सेवा केलेल्या माणसाला इतरांइतकं लवकर हसू येत नाही. तेराव्याला ती भाचीवर चिडली, त्यामागं हे होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिने उलटूनही ओढ आणि दुःख तीव्रच राहिलं, रोजचे व्यवहार अडू लागले आणि ते आपल्या समाजातल्या रीतीपेक्षा फारच लांबलं, तर तो उपचाराचा विषय मानतात. या मुलीचं तसं काहीच नव्हतं. जीव नको झाला असं कुणाला वाटत असेल, तर मात्र सहा महिने मोजत बसू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे.

मुलगी तीन वेळा आली आणि थांबली. आता ती आजीला फोनवर रेकॉर्ड करते. मागच्या आठवड्यात तिच्या आत्यांचा फोन आला. ‘भाचीचं नाही, माझंच बोलायचंय,’ म्हणाल्या. मंगळवारी अकराची वेळ दिली आहे.