80 किमीनंतर हात बधिर होतायत? आधी स्टॅक आणि रीच मोजा

तुम्ही म्हणताय सायकलवर 80 किमीपर्यंत सगळं मस्त असतं, मग मान धरते, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, आणि दुकानदार सांगतोय कार्बन फ्रेम घ्या म्हणजे थांबेल. प्लीज घाईने पैसे घालू नका. या दुखण्याचा संबंध फ्रेम कशाची बनलीय यापेक्षा तिच्या मापांशी जास्त आहे.

फ्रेमची साइज 54 नंबर, 56 नंबर यावरून फारसं कळत नाही, दोन कंपन्यांच्या 54 मध्ये बराच फरक निघतो. बघायचे ते स्टॅक आणि रीच. क्रँक ज्याच्याभोवती फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीचं) वरचं टोक किती उंच तो स्टॅक, किती पुढे तो रीच. माझ्या जुन्या रेसिंग सायकलचा स्टॅक 545 मिमी, रीच 385. आताच्या एंड्युरन्सचा (लांब पल्ल्यासाठीची सायकल) 575 आणि 374, म्हणजे हँडल वर आणि जवळ. दिसायला 3 सेमी आणि 1 सेमी, पण जुनीवर 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) करताना खंबाटकी घाट चढून सुरूरकडे उतरायला लागलो तर बोटं इतकी बधिर की ब्रेक लिव्हर दाबला जातोय की नाही तेच कळेना, शेवटी गाडी कडेला घेऊन हात झटकत उभा राहिलो. 200 ला साडेतेरा तास मिळतात, तेवढा वेळ अंगाचा भार तळव्यांवर आणि वर बघायला मान मागे वळलेली, दुखणारच.

आणि एक चूक सगळे करतात, मीही केली, हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवायची. त्याने उलट वजन अजून पुढे जातं आणि हात जास्त दुखतात. सीट गुडघ्याच्या हिशोबाने लावा, लांबी स्टेमने (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) कमी करा.

पण म्हणून एकदम ताठ बसवणारी सायकलही नको हं, सगळा भार बुडावर येतो, प्रत्येक खड्डा सरळ कण्यात जातो, वर समोरचा वारा. चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) थोडा लांब (माझा 410 मिमीचा 425 झाला) आणि हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कोन, थोडा कलता असेल तर सायकल शांत चालते, थकल्यावर सारखं सावरावं लागत नाही. फ्रेममध्ये 32 मिमी रुंद टायर बसतो का हे मात्र नक्की बघा, रस्त्याचे हादरे खरे तोच खातो, हवा जरा कमी ठेवली की.

आता घरी करायचं ते. सायकल सपाट फरशीवर भिंतीला सरळ उभी करा. फरशीपासून हेड ट्यूबच्या टोकाची उंची घ्या, त्यातून बॉटम ब्रॅकेटच्या मध्याची उंची वजा करा, झाला स्टॅक. मग हेड ट्यूबच्या टोकावरून ओळंबा सोडा (दोऱ्याला नट बांधला तरी चालतो) आणि दोऱ्यापासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत आडवं अंतर मोजा, तो रीच. 100 मिमीचा उणे 6 अंशाचा (खाली झुकलेला) स्टेम असेल तर तो उलटा लावून बघा, हँडल साधारण 2 सेमी वर येतं आणि थोडं जवळही, खर्च शून्य. त्यावर दोन-तीन लांब राइड मारा. तरीही मुंग्या येत असतील तर दोन्ही आकडे, स्टेमची लांबी आणि तुमचा इनसीम (जांघेपासून तळपायापर्यंतचं माप) इथे टाका, मग नवीन फ्रेम कुठली ते बघू.