टेपखालून रंग का घुसतो?

प्रश्न: नमस्कार. स्पिटफायर या लढाऊ विमानाचं १/७२ (मूळच्या बहात्तराव्या भागाचं) मॉडेल करतोय. डी-डेचे (दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडी चढाईच्या वेळचे) काळे-पांढरे पट्टे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, न लावता रंगवायचं ठरवलं, ६ मिमीची मास्किंग टेप लावली, पण टेप काढली तर काळा रंग पांढऱ्यात घुसलेला आणि एके ठिकाणी पांढरा रंगच टेपबरोबर निघून आला. दोनदा पुसून परत केलं, तेच. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: पट्टे रंगवायचं ठरवलंत ते एकदम बरोबर केलंत, पंखाच्या कडेवर डिकलला सुरकुती पडते आणि वरचा-खालचा पट्टा जुळवताना जीव जातो.

आधी मापाचं बघू. एक इंजिनवाल्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, तीन पांढरे आणि मध्ये दोन काळे. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी, भागिले ७२ केलं की ६.३५ येतात. ६ मिमीची टेप चालेल असं वाटतं पण पाच पट्टे मिळून पावणेदोन मिमी कमी पडतात आणि फोटोशेजारी मॉडेल ठेवलं की लगेच कळतं. म्हणून १८ मिमीची टेप काचेवर चिकटवा आणि नव्या ब्लेडने मापाच्या पट्ट्या कापा. यात अजून एक फायदा आहे, रोलच्या कडेला धूळ बसलेली असते, कापलेली कड कोरी मिळते.

आता रंग घुसण्याचं. टेप ताणून लावू नका, ताणलेली टेप थोड्या वेळाने आखडते आणि कड उचलते. कड टूथपिकने दाबत जा, खास करून जिथे पॅनल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरलेली रेघ) टेपखालून जाते तिथे, कारण रंग त्या खाचेतूनच आत पळतो. आणि मग काळा मारायच्या आधी त्याच कडेवर परत पांढऱ्याचा एक पातळ हात मारा. जे घुसायचं ते पांढरंच घुसेल, पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही आणि फट बुजेल. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं, मी तर ही पायरी कधीच सोडत नाही. त्यानंतर काळ्याचे दोन-तीन पातळ थर, एकदम ओला थर नको.

पांढरा रंग निघाला म्हणजे त्याने प्लास्टिक धरलंच नव्हतं. पार्ट्स भांड्यांच्या साबणाने धुवा, प्रायमर मारा, पांढऱ्याला एक पूर्ण दिवस वाळू द्या. टेप आधी तळहातावर एकदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा आणि काढताना सरळ वर ओढू नका, तिच्याच अंगावर दुमडत हळूहळू काढा. पट्टे झाले की ते पूर्ण झाकून मग हिरवा-करडा कॅमोफ्लाज.

प्रश्न: एअरब्रश (हवेने रंग फवारणारं यंत्र) नाही, ब्रशने जमेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: जमेल की. ब्रश टेपवरून उघड्या भागाकडे ओढा, उलटा कधीच नको, आणि ब्रशवर रंग अगदी कमी घ्या. शिवाय जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरायच्या तोंडावर, ग्राउंड क्रूने (विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी) कितीतरी विमानांवर हे पट्टे घाईघाईत ब्रशनेच मारले होते, आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून. जुने फोटो बघा, कडा वाकड्या दिसतात, तेव्हा थोडी हललेली रेघ मुद्दाम सरळ करत बसू नका. फक्त महिना बघून घ्या, नंतर वरच्या बाजूचे पट्टे काढून टाकले होते, त्यामुळे शरद ऋतूतलं विमान करत असाल तर पंखांच्या वर पट्टे मारायच्या आधी त्याच विमानाचा फोटो शोधा.