सीए फायनल, ऑडिट सीझन आणि ‘मोटिव्हेशन’

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली सक्तीची उमेदवारी, संपली, त्याच फर्ममध्ये पेड असिस्टंट (पगारी मदतनीस) म्हणून काम, फायनलचा पहिला ग्रुप, म्हणजे पहिले तीन पेपर, पुन्हा राहिला, दर वेळी नवं टाइमटेबल आणि आठवड्याभरात ते बारगळतं. वर शेवटी “माझ्यातच काहीतरी कमी आहे” हे वाक्य. अहो, हे सगळं मी भोगलंय. पहाटे उठा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, हे आतापर्यंत चार जणांनी सांगितलं असेलच, ते सोडून देते.

आळसापायी माझं जेवढं नुकसान झालं, त्याच्या कितीतरी पट ऑफिसपायी झालं. फर्मचं नाव घेत नाही. तेव्हा फायनल मे आणि नोव्हेंबरमध्ये असायची. एप्रिल उजाडला की बँकेचं ब्रांच ऑडिट. दिवसभर तालुक्याच्या शाखेत एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या याद्या तपासायच्या, रात्री लॉजवर बसून एलएफएआर, म्हणजे शाखेच्या ऑडिटचा लांबलचक अहवाल, भरायचा. मे गेला. नोव्हेंबर धरावा, तर 30 सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख. ती वाढली की क्लायंट खूश आणि आमच्या पोटात गोळा, कारण मुदतवाढ म्हणजे ऑक्टोबरही ऑफिसचाच. रजा नियमात होती. पण केबिनच्या दारात उभी राहिले की सर मान वर न करता म्हणायचे, “अगं, एवढे दोन थ्रीसीडी (टॅक्स ऑडिटचे फॉर्म) अपलोड कर आणि जा की, कोण अडवतंय?” ते दोन कधी संपले नाहीत. घरी येऊन पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे, आणि मी समजायचे की आपल्यात जिद्दच नाही. जिद्द होती हो, डोकं जागं असण्याचे तास नव्हते. आणि अशा वेळी सोळा तास अभ्यास करणाऱ्या टॉपरचं भाषण ऐकायला लावणारे नातेवाईक... असो.

सुटका एका सीनियर ताईमुळे झाली. ती म्हणाली, तोंडी विचारूच नकोस. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी रजेच्या तारखा मेलवर टाक, कुठली फाइल कोणाकडे देणार तेही त्यातच लिही. मी घाबरत पाठवला. उत्तर आलं, “ओके.” बस्स. ज्यासाठी इतकी वर्षं दारात ताटकळले ते एका मेलवर मिळालं. सगळीकडे मिळेलच असं म्हणत नाही. तुमचे सर नाही म्हणाले तर माझ्या मते सरळ बिनपगारी रजा मागा, तीही नाही मिळाली तर नोकरी सोडा. तुमची आर्टिकलशिप संपलीय, आता सरांच्या सहीवर काही अडलेलं नाही. अर्थात घरी हप्ते चालू असतील तर हा सल्ला बाजूला ठेवा, तुमचा हिशेब तुम्हालाच माहीत.

आता तुमचे मार्क. एफआर (फायनान्शिअल रिपोर्टिंग) 36, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शिअल मॅनेजमेंट) 52, ऑडिट 41, एकूण 129. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 150 लागतात. म्हणजे कमी आहेत ते 21 मार्क, त्यातले निदान 4 एफआरचेच हवेत. ‘सीए व्हायचंय’ हे भिंतीवर लिहून काही होत नाही, ते रोज बघून उलट धाप लागते. 21 लिहा. हे 21 कुठून येतील ते शोधता येतं. एफआरमधल्या कन्सॉलिडेशनचा (अनेक कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचा) एक प्रश्न घड्याळ लावून, वर्किंग नोट्ससकट, हाताने पूर्ण सोडवला तर तो दिवस सत्कारणी लागला असं धरा. वाचलेली पानं मोजू नका. मी रंगीत हायलायटर वापरून अख्खं मटेरिअल इंद्रधनुष्य करून ठेवलं होतं, त्याचा उपयोग रद्दीवाल्याला झाला.

अटेम्प्टचं म्हणाल तर 2025 पासून फायनल वर्षातून तीनदा झालीय: जानेवारी, मे, सप्टेंबर. फर्ममध्येच राहणार असाल तर मी डोळे झाकून जानेवारी म्हणेन. मेच्या तोंडाशी बँक ऑडिट, सप्टेंबरच्या तोंडाशी टॅक्स ऑडिट. जानेवारीआधी 31 डिसेंबरचं जीएसटी वार्षिक रिटर्न आणि उशिराची रिटर्न्स असतात खरी, पण तो त्रास त्यामानाने बरा. दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत का? एकत्र दिले तर एका ग्रुपचे जादा मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात हे खरं, पण नोकरी सांभाळून सहा पेपर मला तरी झेपले नसते. इथे बरेच जण माझ्याशी भांडतील, भांडू देत.

झोपच लागत नसेल, जेवण सुटलं असेल, तर मात्र आमच्यासारख्यांचे सल्ले वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मी त्यातली तज्ज्ञ नाही.

आणि एक काम आजच करा. एफआरच्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवा, निकालानंतर त्याला मोजकेच दिवस असतात. माझी आली तेव्हा शेवटचा अख्खा प्रश्न कोरा दिसला, आणि मी मात्र सहा महिने ‘कन्सेप्ट कच्चे आहेत’ म्हणून क्लास शोधत होते. तुमची आली की कुठे मार्क गेले ते इथेच लिहा, पुढचं मग त्यावरून ठरवू.