वास्तू-प्रश्नोत्तरे : भार न पेलणारे खांब

प्रश्न : लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये सर जॉन सोन यांचं पिट्झहँगर मॅनर पाहिलं. दर्शनी बाजूला चार मोठाले खांब, त्यांवर पुतळे. आत मात्र खोल्या बेताच्याच. दक्षिणेकडचा भाग तर दुसऱ्याच घराचा वाटतो. हा नुसता बडेजाव म्हणायचा का?

उत्तर : बडेजाव आहेच, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. मुळात हे जमीनदाराचं घर नव्हे, हा व्हिला आहे, म्हणजे शहराजवळचा बागेतला बंगला. इंग्लंडमधल्या खानदानी कंट्री हाउसमागे (ग्रामीण भागातल्या हवेलीमागे) मोठी जमीन आणि कुळांकडून येणारा खंड असे. व्हिलाचा मालक बहुधा शहरात कमावणारा असे. त्याला हवं होतं ते शहरापासून फार लांब नसलेलं, बागबगीचा असलेलं आणि चार प्रतिष्ठितांना जेवायला बोलावता येईल असं घर. सोन बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद होते, बिऱ्हाड लंडन शहरातच, लिंकन्स इन फील्ड्सला. ईलिंगची जागा त्यांनी १८०० साली घेतली आणि १८०४ पर्यंत घर उभं केलं. इथे येणारा पाहुणा उद्याचा गिऱ्हाईकही असू शकत होता, त्यामुळे आपली सगळी विद्या त्यांनी एवढ्याशा जागेत मांडली.

दक्षिणेकडचा भाग खरोखरच दुसऱ्याचा आहे. १७६८ च्या सुमारास तो वास्तुविशारद जॉर्ज डान्स यांनी बांधला, आणि त्याच सुमाराला पोरसवदा सोन त्यांच्या कचेरीत उमेदवारीला लागले होते. पुढे जागा ताब्यात आल्यावर बाकीचं जुनं घर त्यांनी पाडलं, गुरूचं काम तेवढं राखलं. मी स्वतः जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराचं काम करते. या घरातला हा निर्णय मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आता खांब. ते भिंतीपासून सुटे उभे आहेत आणि छपराचा काडीचाही भार घेत नाहीत. प्रत्येकाच्या माथ्यावर फक्त एक पुतळा. ही मांडणी रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून सुचलेली. तरुणपणी सोन रोमला राहून आले होते. म्हणजे विजयी सम्राटाची कमान त्यांनी विटांच्या एका घराला लावली! मला हे धाडस मनापासून आवडतं.

पुतळे अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातल्या स्त्रीमूर्तींच्या धर्तीवरचे. दगडाचे वाटतात, पण ती भाजलेली माती आहे. एलिनॉर कोड नावाच्या कर्तबगार बाई लंडनच्या लॅम्बेथ भागात १७६९ पासून अशा मालाचा कारखाना चालवत होत्या. मातीत आधीच भाजून कुटलेल्या मातीची भुकटी, गारगोटी, वाळू आणि काचेची पूड मिसळायची. त्यामुळे भट्टीत आकृती फारशी आकसत नाही, तडकत नाही. साच्यातून काढल्यावर ओलेपणीच कारागीर हाताने बारकावे उठवून घेई, मग कित्येक दिवस भट्टी. लंडनच्या पावसात आणि काजळीत चुनखडीचा दगड झिजतो, पण या मालावरची वस्त्रांची चुणी न् चुणी टिकते. पुन्हा गेलात तर पुतळ्यांची वस्त्रं जवळून न्याहाळा.

आतल्या खोल्या लहान आहेत, हे तुमचं खरं. पण तिथे समोर पाहायचं नसतं, वर पाहायचं असतं. प्रवेशाची जागा अरुंद पण उंच, आणि उजेड वरून उतरतो. पुढे न्याहारीच्या खोलीवर उथळ घुमट, त्यावर आकाश रंगवलेलं. लहान खोली प्रशस्त वाटायला लावणं हेच सोन यांचं खरं कसब. मागच्या बाजूचं काचघर मध्यंतरी नाहीसं झालं होतं, ते पुन्हा बांधून २०१९ मध्ये घर लोकांसाठी उघडलं. सोन यांची मात्र या घरापुरती निराशा झाली. मुलांनी आपला व्यवसाय पुढे न्यावा ही त्यांची इच्छा फळली नाही आणि १८१० मध्ये त्यांनी घर विकून टाकलं.

प्रश्न : त्या काळचे सगळे व्हिला असेच रोमन थाटाचे का?

उत्तर : मुळीच नाही. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं, वास्तुविशारद जॉन नॅश यांचं क्रॉंकहिल हे घर पाहा. तेही साधारण त्याच वर्षांतलं, पण दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा हट्टच त्यांनी सोडला. एका कोपऱ्याला गोल बुरूज, शेजारी कमानींची ओळ, कमी उताराचं छप्पर आणि भिंतीबाहेर चांगल्याच आलेल्या वळचणी. इटलीच्या निसर्गचित्रांत दिसणारी शेतघरं डोळ्यांपुढे ठेवून केलेलं हे काम. बांधलं कुणासाठी, तर शेजारच्या अ‍ॅटिंगहॅम इस्टेटीच्या कारभाऱ्यासाठी. तिथे भाडेकरू राहतात आणि घर वर्षातून मोजकेच दिवस उघडं असतं, तेव्हा तारीख बघूनच निघा.