जनपद: पद कसलं, पाऊल!

आजोबांच्या चौथीच्या दाखल्यावर जांभळ्या शाईत ‘जनपद सभा’ असा गोल शिक्का आहे. जनपद म्हणजे जिल्हाच ना, असं एका वाचकानं विचारलंय.

नाही. जिल्ह्याला जनपद म्हणतात ते उत्तर प्रदेशात. हिंदी बातम्या ऐकून आपल्याकडेही तेच धरून चालतात. विदर्भातलं जनपद तहसिलीएवढं. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं १९४८च्या कायद्यानं जुनी डिस्ट्रिक्ट कौन्सिलं मोडली आणि दर तहसिलीला, वऱ्हाडात तालुक्याला, स्थानिक कारभार बघायला एकेक जनपद सभा दिली. त्या सरकारातले मंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांची ही लाडकी योजना. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, तरी सभा चालूच होत्या. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा गेल्या. पुण्या-साताऱ्याकडे त्या काळी जिल्हा लोकल बोर्ड होतं, त्यामुळे तिकडच्यांना हा शब्द ठाऊक नसला तर समजू शकतो.

‘जनतेनं दिलेलं पद ते जनपद’ हे मात्र समजून घ्यायची माझी तयारी नाही. गेल्याच महिन्यात एका सत्कारात ऐकलं, शाल-श्रीफळासकट. मग श्वापदाला कुणी कसलं पद दिलं होतं? श्वन् म्हणजे कुत्रा. कुत्र्यासारखी पावलं ज्याची ते श्वापद. आणि सप्तपदीत सात नोकऱ्या मिळत नाहीत. पद म्हणजे पाऊल. जन म्हणजे टोळी, कुळांचा समूह. त्या जनानं जिथं पाय रोवला ते जनपद. कोशकार इथं ‘पद म्हणजे स्थान’ एवढं लिहून मोकळे होतात. अहो, पण स्थान झालं कशानं? पाय टेकल्यानंच ना!

खरी गंमत पाणिनीकडे आहे. ‘जनपदे लुप्’ असं त्याचं सूत्र आहे. पंचाल लोकांचा मुलूख सांगायला जो प्रत्यय लावायचा, तो जनपदाच्या बाबतीत गळून पडतो. उरतं लोकांचं नाव, तेही अनेकवचनात. मुलूख एक, नाव मात्र ‘पंचालाः’. ‘देशमुखांकडे लग्न आहे’ म्हणताना आपण घर सांगतो की माणसं? तसंच हे. आणि महाभारतातल्या नलकथेत दमयंतीचा बाप भीमराजा कुठं राहतो? ‘विदर्भेषु’. विदर्भात नव्हे, विदर्भांमध्ये! ज्या मुलखाचं नाव मुळात माणसांचं, त्याच मुलखात १९४८ साली जनपद सभा निघाल्या. हा योगायोग मला गेली कित्येक वर्षं पुरलाय.

इतिहासकार काशीप्रसाद जायसवालांनी १९२४ साली मांडलं होतं की जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या ‘पौर-जानपद’ या जोडीतलं जानपद म्हणजे ग्रामीण भागाची प्रातिनिधिक सभाच, राजालाही वेसण घालणारी. स्वराज्याच्या चळवळीत हे कानाला गोड लागलं. आपल्या इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकरांनी ते खोडून काढलं: पौर म्हणजे शहरचे लोक, जानपद म्हणजे खेड्यापाड्यातले, बस. मी अळतेकरांच्या बाजूनं. जायसवालांचे चाहते अजून वाद घालतात, त्यांना माझं एकच विचारणं आहे. जानपद ही जर सभाच, तर ‘जनपद सभा’ म्हणजे पिवळं पीतांबर नाही का? नाव ठेवणाऱ्यांच्या कानात जायसवालच घुमत असणार, असा माझा आपला तर्क. पण ‘सभा’ शब्द वेगळा जोडून त्यांनी निकाल अळतेकरांच्या बाजूनं दिला. कानडीत तर जानपद म्हणजे लोकसाहित्य; तिथं सभा शोधायला कोण जाणार?

हां, दाखला राहिलाच. शिक्का जनपद सभेचा, म्हणजे दाखला १९४८ ते १९६२ या काळातला. नक्कल हवी असेल तर शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर विचारा. शाळा आता जिल्हा परिषदेची असेल.